फाईल एक्स्टेंशन आणि सेटिंग फाईल

फाईल एक्स्टेंशन म्हणजे संगणकातील फाईलच्या नावात शेवटच्या टिंबानंतर येणारी अक्षरे होत. मराठीत त्यास विस्तारक असे म्हणतात. 'निकालपत्र.पीडीएफ' या नावात 'निकालपत्र' हे मूळ नाव आणि 'पीडीएफ' हा विस्तारक आहे. फाईलमध्ये कोणत्या प्रकारची माहिती असावी आणि ती कोणत्या आज्ञावलीत उघडावी, याची सूचना विस्तारकावरून मिळते. ही केवळ सूचना असते. आत खरोखर काय आहे याचा तो पुरावा नव्हे. वापरकर्त्याने केलेल्या निवडी आज्ञावली ज्या फाईलमध्ये नोंदवून ठेवते, तिला सेटिंग फाईल म्हणतात. टंकाचा आकार, भाषा, शेवटी उघडलेल्या फायली, जोडणीचा पत्ता अशा बाबी तिच्यात असतात. कोणत्या विस्तारकाची फाईल कोणत्या आज्ञावलीत उघडायची, ही नोंददेखील एक सेटिंगच असल्याने हे दोन विषय एकमेकांना लागून आहेत.

या लेखात विस्तारक वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष संगणकावर ते बहुधा रोमन लिपीत असतात.

इतिहास

विस्तारक तीन अक्षरांचाच का, या प्रश्नाचे उत्तर १९६० च्या दशकातील यंत्रांच्या रचनेत सापडते. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या पीडीपी-६ आणि त्यानंतरच्या पीडीपी-१० या संगणकांत स्मृतीचे एक घर ३६ बिटांचे होते आणि नावातील एका अक्षराला ६ बिट पुरत. त्यामुळे एका घरात सहा अक्षरांचे नाव नेमके बसे आणि पुढच्या घराच्या अर्ध्या भागात तीन अक्षरे मावत. ती तीन अक्षरे म्हणजे विस्तारक. जागेच्या काटकसरीतून आलेली ही सोय पुढे संकेत म्हणून रूढ झाली.

गॅरी किल्डाल यांनी १९७४ मध्ये लहान संगणकांसाठी तयार केलेल्या सीपी/एम या कार्यप्रणालीने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमने, हीच पद्धत उचलली. मात्र नावाची लांबी आठ अक्षरांपर्यंत वाढवली. १९८१ मध्ये आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाबरोबर आलेल्या डॉसने आठ आणि तीन हा हिशेब जसाच्या तसा ठेवला. डॉसच्या यादीत प्रत्येक फाईलसाठी ३२ बाइटची एक ओळ असे. तिच्यातील पहिले ८ बाइट नावाचे व पुढील ३ बाइट विस्तारकाचे असत. मधले टिंब मात्र कोठेच साठवलेले नसे. ते पडद्यावर दाखवताना घातले जाई. म्हणजे त्या काळी विस्तारक हा नावाचा शेवट नव्हता, तर नावाशेजारचा एक वेगळा रकाना होता.

तीन अक्षरांच्या या मर्यादेच्या खुणा आजही दिसतात. छायाचित्रांसाठी '.जेपीईजी' आणि '.जेपीजी', वेबपृष्ठांसाठी '.एचटीएमएल' आणि '.एचटीएम' असे जोडविस्तारक आढळतात. त्यांतील आखूड रूप डॉसमुळे आले. दोन्ही रूपांत आतील मजकुराच्या दृष्टीने काहीही फरक नाही. १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ ने २५५ अक्षरांपर्यंतच्या नावांना मुभा दिली. तेव्हापासून विस्तारक हा लांब नावातील शेवटच्या टिंबानंतरचा भाग ठरला.

बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्सने वेगळी वाट धरली. युनिक्समध्ये आणि पुढे लिनक्समध्ये टिंब हे नावातील इतर अक्षरांसारखेच एक अक्षर आहे. फाईल चालवता येईल की नाही हे तिथे विस्तारकावर नव्हे, तर फाईलला दिलेल्या परवानगीवर ठरते. टिंबाला तिथे एकच विशेष अर्थ आहे: ज्या नावाचा आरंभच टिंबाने होतो ती फाईल यादीत एरवी दाखवली जात नाही. युनिक्सवर काम केलेले रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये लिहिल्यानुसार हा प्रकार योजून झालेला नव्हता. चालू फोल्डर आणि वरचा फोल्डर यांची एक व दोन टिंबांची नावे यादीतून गाळण्यासाठी पहिले अक्षर तेवढे तपासण्याचा सोपा मार्ग घेतला गेला आणि त्यामुळे टिंबाने सुरू होणारी सगळीच नावे लपली. आज लिनक्सवरील कित्येक सेटिंग फायली याच आडोशाला राहतात.

ॲपलच्या मॅकिंटॉशने १९८४ मध्ये विस्तारकाची गरजच ठेवली नव्हती. प्रत्येक फाईलबरोबर चार अक्षरांचे दोन संकेत वेगळे साठवले जात: एक फाईलचा प्रकार सांगणारा, दुसरा ती निर्माण करणाऱ्या आज्ञावलीचा. तत्त्वतः ही पद्धत अधिक शुद्ध होती, कारण नाव बदलले तरी ओळख बदलत नसे. परंतु फाईल दुसऱ्या प्रकारच्या यंत्रावर गेली की हे संकेत गळून पडत. नावाला चिकटलेला विस्तारक मात्र कुठेही सोबत जाई. २००१ मध्ये आलेल्या मॅक ओएस टेनने अखेर विस्तारक स्वीकारला. सोयीपुढे शुद्धतेने हार मानल्याचे हे एक उदाहरण म्हणता येईल.

विस्तारक आणि फाईलचे अंतरंग

बरणीवरची चिठ्ठी बदलली म्हणून आतली साखर मीठ होत नाही. विस्तारकाचेही तसेच आहे. फाईलचा खरा प्रकार तिच्यातील बाइटांच्या रचनेवरून ठरतो. बहुतेक प्रकारांत आरंभीच्या काही बाइटांमध्ये ठरावीक खूण असते. पीडीएफ फाईल टक्केवारीचे चिन्ह आणि पीडीएफ ही अक्षरे यांनी सुरू होते. पीएनजी चित्राचा पहिला बाइट १३७ असतो व त्यानंतर पीएनजी ही तीन अक्षरे येतात. झिप प्रकारच्या गठ्ठ्याच्या आरंभी 'पी' आणि 'के' ही अक्षरे असतात. ती हा प्रकार तयार करणाऱ्या फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे आहेत. डॉस व विंडोजवरील '.ईएक्सई' फाईलच्या आरंभीची 'एम' आणि 'झेड' ही अक्षरे मायक्रोसॉफ्टमधील मार्क झ्बिकोव्स्की यांची. जगातील असंख्य संगणकांवर या दोघांच्या सह्या रोज वाचल्या जातात, फक्त त्या वाचणारी माणसे नसतात. लिनक्सवरील 'फाईल' नावाची आज्ञा अशाच खुणा तपासून प्रकार सांगते आणि विस्तारकाकडे सहसा पाहतही नाही.

काही विस्तारकांमागे एकाच फाईलचे रूप घेतलेला संपूर्ण गठ्ठा असतो. ऑफिस २००७ पासून वर्डची फाईल '.डॉकएक्स' या विस्तारकाने जतन होते. ती प्रत्यक्षात एक झिप गठ्ठा आहे. तिची प्रत काढून प्रतीचा विस्तारक '.झिप' असा केला, तर आतील फोल्डर उघडतात. मजकूर एका एक्सएमएल फाईलमध्ये, चित्रे वेगळ्या फोल्डरमध्ये आणि शैलीच्या नोंदी आणखी वेगळ्या फाईलमध्ये दिसतात. लिबरऑफिसच्या '.ओडीटी' फाईलची रचनाही याच जातीची आहे. वर्डची फाईल बिघडून उघडेनाशी झाली असता या मार्गाने आतला मजकूर किंवा छायाचित्रे वाचवता येण्याची शक्यता असते, म्हणून ही गोष्ट ठाऊक असणे उपयोगाचे आहे.

विस्तारक बदलणे आणि फाईलचे रूपांतर करणे या दोन भिन्न क्रिया आहेत. हा भेद न कळल्याने होणारा घोटाळा ऑनलाइन अर्ज भरताना हमखास दिसतो. आयफोनवर २०१७ पासून छायाचित्रे '.एचईआयसी' या प्रकारात साठवली जाऊ शकतात. अर्जाच्या संकेतस्थळाला '.जेपीजी' हवे असते. विद्यार्थी किंवा पालक फाईलचे नाव बदलून शेवटी 'जेपीजी' लिहितात. नाव बदलते, चित्र आहे तसेच राहते आणि संकेतस्थळ आतील खूण तपासत असेल तर अर्ज नाकारते. तेही अनेकदा कारण नीट न सांगता. अशा वेळी चित्र एखाद्या आज्ञावलीत उघडून ते 'सेव्ह ॲज' किंवा 'एक्स्पोर्ट' या पर्यायाने नव्या प्रकारात जतन करावे लागते.

एकच विस्तारक दोन वेगळ्या प्रकारांसाठीही वापरला जातो, कारण विस्तारकांचे वाटप करणारी कोणतीही एक अधिकृत संस्था नाही. '.टीएस' हा चलचित्राच्या एका प्रकाराचा विस्तारक आहे आणि टाइपस्क्रिप्ट या संगणकीय भाषेचाही. ई-मेल व वेब यांवर मात्र १९९२ पासून एमआयएमई ही वेगळी प्रकारनोंद चालते. तीत 'मजकूर/साधा', 'चित्र/पीएनजी' अशा अर्थाचे दुपदरी नाव फाईलबरोबर पाठवले जाते.

लपवलेले विस्तारक आणि फसवणूक

विंडोज ९५ पासून विंडोजमध्ये परिचित विस्तारक न दाखवण्याची पद्धत आहे. नवख्या वापरकर्त्याने चुकून विस्तारक पुसू नये, हा त्यामागचा सद्हेतू. परंतु त्यामुळे 'पत्र.टीएक्सटी.व्हीबीएस' या नावाची फाईल पडद्यावर 'पत्र.टीएक्सटी' अशी दिसते. वाचणाऱ्याला तो साधा मजकूर वाटतो. प्रत्यक्षात शेवटचा विस्तारक '.व्हीबीएस' असल्याने ती उघडताच आज्ञावली म्हणून चालते. ४ मे २००० रोजी पसरू लागलेल्या 'आय लव्ह यू' या किड्याने नेमका याच पडद्याआडून प्रवेश केला. प्रेमपत्राच्या नावाने आलेली ती फाईल ज्यांनी उघडली, त्यांच्या पत्त्यांच्या वहीतील सर्वांना तीच फाईल आपोआप रवाना झाली. तिचा उगम फिलिपिन्समध्ये होता. फेब्रुवारी २००१ मध्ये टेनिसपटू अ‍ॅना कुर्निकोव्हा हिच्या छायाचित्राचे आमिष दाखवणारा किडाही '.जेपीजी.व्हीबीएस' असाच दुहेरी विस्तारक घेऊन आला होता.

याहून धूर्त युक्ती युनिकोडच्या आधारे केली जाते. अरबी, हिब्रू यांसारख्या उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिपींसाठी युनिकोडमध्ये दिशा उलटवणारे एक अदृश्य चिन्ह आहे. ते नावाच्या मध्यावर घातले की पुढची अक्षरे उलट क्रमाने दिसतात आणि '.ईएक्सई'ने संपणारे नाव डोळ्यांना चित्राच्या विस्तारकाने संपल्यासारखे भासते.

भारतात ही फसवणूक आता भ्रमणध्वनीवर आली आहे. अँड्रॉइडवरील ॲप '.एपीके' या विस्तारकाच्या फाईलमध्ये असते. लग्नपत्रिका, वाहनाच्या दंडाचे चलन किंवा बँकेची सूचना अशा नावांनी व्हॉट्सॲपवर '.एपीके' फायली पाठवून बँक खाती रिकामी केल्याचे प्रकार घडले असून पोलिसांच्या सायबर शाखांनी याविषयी इशारे दिले आहेत. लग्नपत्रिका हे चित्र, पीडीएफ किंवा चलचित्र असू शकते. ते ॲप असण्याचे काही कारण नाही. नावातील शेवटची तीन अक्षरे वाचण्याची सवय असलेला माणूस इथे सहजी फसत नाही. विंडोजवर फाईल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू' या यादीतून विस्तारक दाखवण्याचा पर्याय सुरू करता येतो आणि तो प्रत्येकाने सुरू करावा असाच आहे.

मराठी मजकूर आणि विस्तारकाची मर्यादा

'.टीएक्सटी' हा विस्तारक फाईलमध्ये साधा मजकूर आहे एवढेच सांगतो. तो मजकूर कोणत्या संकेतनात, म्हणजे अक्षरांना दिलेल्या अंकांच्या कोणत्या पद्धतीत आहे, हे तो सांगत नाही. इंग्रजीपुरते हे चालून जाते, कारण इंग्रजी अक्षरांचे अंक जवळपास सर्व पद्धतींत समान आहेत. मराठीची अडचण येथून सुरू होते.

देवनागरीसाठी इस्की हे भारतीय मानक १९९१ मध्ये ठरले आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीला स्थान मिळाले. तथापि महाराष्ट्रातील छापखाने, वृत्तपत्रे आणि कार्यालये यांचे काम दीर्घकाळ श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा टंकांवर चालले. या टंकांच्या जुन्या पद्धतीत फाईलमध्ये साठवली जातात ती रोमन अक्षरे व चिन्हे. टंक त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे रंगवतो. काना, वेलांटी, अर्धे अक्षर हे सारे सुटे तुकडे. शिवाय ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशी व्यंजनाच्या आधी टंकली जाते, तर युनिकोडमध्ये ती उच्चारक्रमाने व्यंजनानंतर साठवली जाते. परिणामी विस्तारक '.डॉक' असला, वर्डमध्ये फाईल विनातक्रार उघडली, तरी तो टंक संगणकावर नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. अशा फाईलमध्ये मराठी शब्द शोधता येत नाही. तिची पीडीएफ केली तर ती पाहायला स्वच्छ असते, कारण टंक आत जोडलेला असतो. परंतु तीतला उतारा घेऊन दुसरीकडे चिकटवला की पुन्हा खिचडीच. दोन-तीन दशकांच्या स्मरणिका, इतिवृत्ते आणि हस्तलिखितांच्या टंकलिखित प्रती आज या अवस्थेत पडून आहेत. त्यांचे विस्तारक शाबूत आहेत, अर्थ मात्र टंकाच्या हवाली आहे.

न वाचता येणारी मराठी फाईल समोर आली असता ती टाकून देण्यापूर्वी बिघाडाचे रूप नीट पाहावे. त्याचे तीन प्रकार ओळखता येतात.

पहिल्या प्रकारात डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' पुन्हापुन्हा दिसतो आणि त्यामागे चलनाचे गोल चिन्ह किंवा येन या जपानी नाण्याचे चिन्ह येते. येथे मजकूर पूर्णपणे सुरक्षित असतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला व स्वरचिन्हाला तीन बाइट लागतात ('मराठी' या शब्दाला १५), आणि त्यांतील पहिले दोन बाइट चुकीच्या पद्धतीने वाचले गेल्याने ही चिन्हे उमटतात. '.सीएसव्ही' विस्तारकाची यादी एक्सेलमध्ये दोनदा टिचकी देऊन उघडली असता असे पुष्कळदा घडते. अशा वेळी फाईल तशीच जतन करू नये. एक्सेलमधील माहिती आयात करण्याच्या पर्यायातून यूटीएफ-८ निवडून ती उघडावी.

दुसऱ्या प्रकारात अर्थहीन इंग्रजी अक्षरे, कंस आणि विरामचिन्हे दिसतात. हा जुन्या टंकाचा मजकूर. तो टंक कोणता हे कळले तर परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणता येतो. परिवर्तनानंतर जोडाक्षरे व रफार डोळ्यांखालून घालणे आवश्यक असते.

तिसऱ्या प्रकारात अक्षरांच्या जागी केवळ प्रश्नचिन्हे असतात. हा खरा नाश. विंडोजच्या नोटपॅडमध्ये पूर्वी मूळ निवड 'अन्सी' या पद्धतीची असे. तीत देवनागरीला स्थान नाही. त्या पद्धतीने मराठी मजकूर जतन करताना सूचना येई. ती न वाचता मान्य केली की प्रत्येक अक्षराऐवजी प्रश्नचिन्ह साठवले जाई. त्या प्रश्नचिन्हांतून मूळ अक्षर परत मिळत नाही. विंडोज १० च्या २०१९ मधील आवृत्तीपासून नोटपॅड यूटीएफ-८ मध्ये जतन करू लागले, परंतु जुन्या संगणकांवर हा धोका अद्याप आहे.

फाईलचे नावही देवनागरीत देता येते. इतकेच नव्हे तर विंडोजवर विस्तारकदेखील देवनागरीत ठेवण्यास तांत्रिक आडकाठी नाही. प्रघात नाही, एवढेच. नावांच्या बाबतीत मराठीची स्वतःची एक गंमत आहे. 'दुसऱ्या' या शब्दातील 'ऱ्या' हे अक्षर युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे टंकता येते: नुक्ता असलेला 'ऱ' घेऊन, किंवा साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावे वाटतात. त्यामुळे 'दुसऱ्या सत्राचे गुण' या नावाच्या दोन फायली एकाच फोल्डरमध्ये गुण्यागोविंदाने नांदू शकतात आणि शोध घेतला असता त्यांतील एकच हाती लागते.

सेटिंग फायली

विंडोजच्या आरंभीच्या आवृत्त्यांत सर्व निवडी '.आयएनआय' विस्तारकाच्या साध्या मजकुराच्या फायलींत असत. त्यांपैकी 'विन.आयएनआय' या फाईलमध्ये 'एक्स्टेन्शन्स' नावाचा एक विभाग होता. कोणता विस्तारक कोणत्या आज्ञावलीकडे सोपवायचा याची यादी तेथे असे. पुढे फायलींची गर्दी झाली आणि विंडोज ९५ पासून रजिस्ट्री या सामाईक कोठारात बहुतांश नोंदी हलवल्या गेल्या. रजिस्ट्री एका जागी असल्याने शोधायला सोपी, परंतु तीत चुकीचा बदल झाल्यास एका आज्ञावलीऐवजी सारा संगणक अडू शकतो. तीत हात घालण्यापूर्वी संबंधित शाखेची प्रत '.रेग' विस्तारकाच्या फाईलमध्ये काढून ठेवण्याची सोय आहे. साध्या फायलींची जुनी पद्धत अनेक अनुभवी लोकांना आजही अधिक पसंत आहे, आणि त्यात तथ्य आहे: जी फाईल माणसाला वाचता येते ती दुरुस्तही करता येते.

'.आयएनआय' फाईलची रचना पुढीलप्रमाणे असते:

; ही टीप आहे, आज्ञावली ती वाचत नाही
[दिसणे]
भाषा=मराठी
अक्षराचा आकार=14

चौकटी कंसात विभागाचे नाव, त्याखाली प्रत्येक ओळीत बाब, बरोबरचे चिन्ह आणि तिचे मूल्य. अर्धविरामाने सुरू होणारी ओळ केवळ वाचणाऱ्यासाठी. वरील उदाहरणात आकाराचा आकडा मुद्दाम इंग्रजी अंकांत लिहिला आहे. देवनागरी अंक काही आज्ञावलींना कळतात (पायथन ही भाषा '१४' ला चौदाच समजते), परंतु बहुतेकांना कळत नाहीत आणि जेसन या प्रकारात तर ते नियमानेच वर्ज्य आहेत.

'.जेसन' हा प्रकार डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००० च्या दशकाच्या आरंभी पुढे आणला. यंत्राला तो वाचायला सुलभ आहे. माणसाशी मात्र थोडा कठोर. त्यात टीप लिहिता येत नाही, शेवटच्या नोंदीनंतर स्वल्पविराम चालत नाही आणि अवतरणचिन्हे सरळच लागतात. वर्डसारखी आज्ञावली सरळ अवतरणचिन्हांची आपोआप वळणदार चिन्हे करते, म्हणून सेटिंग फाईल कधीही वर्डमध्ये दुरुस्त करू नये; नोटपॅड किंवा तत्सम साधा संपादक वापरावा.

'.वायएएमएल' प्रकारात विभागांची उतरंड ओळीच्या आरंभीच्या रिकाम्या जागांवरून ठरते. तेथे टॅबची कळ चालत नाही. या प्रकारातील एक प्रमाद प्रसिद्ध आहे. जुन्या नियमांनुसार 'नो' या इंग्रजी शब्दाचे मूल्य 'नाही' असे धरले जाई. देशांच्या दोन अक्षरी संकेतांच्या यादीत नॉर्वेचा संकेत नेमका तोच असल्याने त्या यादीत नॉर्वेच्या जागी नकार उमटे. २००९ मधील १.२ या आवृत्तीने तो नियम काढला, परंतु जुन्या पद्धतीने वाचणाऱ्या आज्ञावली अजून प्रचलित आहेत.

असा आपसूक लावलेला अर्थ विज्ञानालाही नडला आहे. एक्सेल काही जनुकांची नावे महिन्यांची नावे समजून त्यांच्या तारखा करून टाकी. मार्च आणि सप्टेंबर यांच्या इंग्रजी रूपांशी जुळणारी ती नावे अखेर मानवी जनुकांचे नामकरण करणाऱ्या समितीनेच बदलली आणि त्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २०२० मध्ये प्रसिद्ध केली. एका आज्ञावलीच्या मूळ सेटिंगपुढे जनुकांनी नाव बदलावे, हे विलक्षणच.

सेटिंग फायलींची स्थाने ठरलेली आहेत. विंडोजवर त्या वापरकर्त्याच्या 'ॲपडेटा' या लपवलेल्या फोल्डरमध्ये, लिनक्सवर घरच्या फोल्डरमधील '.कॉन्फिग' येथे आणि संपूर्ण यंत्रासाठीच्या असल्यास 'ईटीसी' येथे, तर मॅकवर 'लायब्ररी'तील 'प्रेफरन्सेस' या फोल्डरमध्ये असतात. मॅकवर त्यांचा विस्तारक '.पीलिस्ट' असतो.

काही सेटिंग फायलींना विस्तारकच नसतो. संकेतस्थळांची नावे व पत्ते यांची जोडी लावणारी विंडोजवरील 'होस्ट्स' ही फाईल अशीच. ती नोटपॅडमध्ये नव्याने जतन केली की नोटपॅड नावाला '.टीएक्सटी' जोडते, विस्तारक लपवलेले असल्याने नाव पडद्यावर 'होस्ट्स' असेच दिसते आणि केलेला बदल का लागू होत नाही हे कळत नाही. जतन करताना नाव अवतरणचिन्हांत लिहिले तर हे टळते.

आज्ञावली चालू असताना तिची सेटिंग फाईल बदलणे बहुधा व्यर्थ जाते. फायरफॉक्स हा न्याहाळक बंद होताना आपली 'प्रेफ्स.जेएस' ही फाईल नव्याने लिहितो आणि मधल्या काळात हाताने केलेला बदल पुसला जातो. म्हणून आधी आज्ञावली बंद करावी, मग फाईलची प्रत ठेवावी, नंतर बदल करावा, हा क्रम योग्य. आज्ञावली उघडतानाच अडखळत असेल तर सेटिंग फाईल न पुसता तिचे नाव बदलून पाहावे. फाईल सापडली नाही की बहुतेक आज्ञावली मूळ मूल्यांची नवी फाईल तयार करतात. दोष जुन्या फाईलमध्ये होता की नव्हता, ते लगेच उमगते.

काही फायली सेटिंगच्या नावाखाली वापरकर्त्याचे श्रम साठवतात. वर्डची 'कस्टम.डिक' आणि लिबरऑफिसची 'स्टँडर्ड.डिक' या फायलींत शुद्धलेखन तपासनिसाला शिकवलेले शब्द असतात. मराठीत लिहिणाऱ्याने गावांची नावे, आडनावे, बोलीतील रूपे, संस्कृत समास असे शेकडो शब्द वर्षानुवर्षे त्यांत घातलेले असतात. संगणकावर विंडोज पुन्हा घालताना दस्तऐवज, छायाचित्रे सारे काही जपून ठेवले जाते आणि 'ॲपडेटा' लपलेला असल्याने ही शब्दसंपदा मात्र जाते. ती फाईल साध्या मजकुराची आणि अगदी लहान असते; पेनड्राइव्हवर तिची प्रत ठेवायला क्षण पुरतो.

याउलट काही सेटिंग फायली बाहेर जाऊ नयेत याची काळजी घ्यावी लागते. जोडणीचे परवलीचे शब्द अनेक आज्ञावली साध्या मजकुरात लिहून ठेवतात. संकेतस्थळे बांधणारे लोक '.एन्व्ह' नावाच्या फाईलमध्ये असे शब्द ठेवतात, आणि ती फाईल इतर कामाबरोबर चुकून सर्वांसाठी खुली केली जाण्याचे प्रकार वारंवार घडतात.

आज्ञावलींचे मराठीकरणही याच कुळातील फायलींतून होते. अनेक मुक्त आज्ञावलींचे अनुवाद '.पीओ' विस्तारकाच्या फायलींत असतात. तिच्यात मूळ इंग्रजी वाक्य आणि त्याखाली मराठी वाक्य अशा जोड्या असतात, तसेच एकवचन आणि अनेकवचन यांचा नियमही एका ओळीत दिलेला असतो. भाषेची ओळख मराठीसाठी ठरलेल्या 'एमआर' या दोन अक्षरी संकेताने होते. विकिपीडिया ज्या मीडियाविकी या आज्ञावलीवर चालतो, तिच्या पडद्यावरील मराठी शब्द 'एमआर.जेसन' या फाईलमध्ये आहेत. ते शब्द स्वयंसेवकांनी ट्रान्सलेटविकी या संकेतस्थळावर अनुवादित केले असून एखादा शब्द अडखळत असेल तर तो तेथेच सुधारता येतो.